अर्धं नाव

लिलाने घरमालकीण केसरबाईंच्या घोट्यावर अंगठा दाबला, मनात दहा आकडे मोजले आणि उचलला. कातडीत पडलेला खळगा तसाच राहिला.

"कधीपासून आहे ही सूज?"

"दिवाईपासून पाय असाच सुजेल राह्यते, व माय. सकायी उतरते, भाकरी टाकल्या का पुन्हा चढते."

"डॉक्टरला दाखवला?"

"आमचे हे म्हनतात, गोया घे. कोन्त्या गोया, ते त्याईले पन माहीत नाही."

लिला हसली. सकाळी धुळ्याच्या स्टँडवर बसमध्ये चढताना तिने ठरवले होते की आज हसायचे नाही. घर पाहायचे, चार खोडी काढायच्या, नाही म्हणायचे आणि परतायचे. महिनाभर ती याच तयारीत होती. एप्रिलमध्ये नवऱ्याला, मोतीलालला, बँकेचे बढतीचे पत्र आले, जामनेर शाखेचा मॅनेजर म्हणून, आणि त्या दिवसापासून घरात बोलणे जेवायला वाढण्यापुरते उरले. धुळ्यात तिची तेरा वर्षे गेली होती. सरकारी दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड तिच्या हाताखाली होता, मुलींची शाळा घराजवळ होती, संध्याकाळी आग्रा रोडवर एकटी बाई फिरली तर कोणी वळून बघत नसे. ते सोडून तालुक्याच्या गावी जायचे? तिने सरळ सांगितले होते, जायचे तर तुम्ही जा.

पण घर चांगले होते. वर तीन खोल्या, समोर गच्ची, मागच्या अंगणात विहीर. धुळ्यात तिसऱ्या दिवशी नळ यायचा आणि त्या दिवशी तिला वॉर्डात उशीर व्हायचा. इथे तिने उगाचच एक बादली शेंदून पाहिली. पाणी गार होते. वरच्या मधल्या खोलीत खिडकीजवळ मुलींचे टेबल कसे बसेल, याचा विचार आपण करतो आहोत हे तिला जरा उशिराने कळले. आणि तिच्या लक्षात आले की तिचा राग नाहीसा झाला नव्हता, फक्त त्याला धरून ठेवायला तिला जोर लावावा लागत होता.

बाहेर ओट्यावर घरमालक रुपचंदभाऊ आणि मोतीलाल खुर्च्या टाकून बसले होते. त्यांचे बोलणे आत स्पष्ट येत होते.

"तर आधारसाहेब, तुमच्यासारखी नोकरदार माणसं घरात असली म्हणजे आम्हाला काळजी नाही. चिठ्ठीत एम. आधार वाचलं, तेव्हा म्हटलं, हे आडनाव काही आपल्याकडचं वाटत नाही. पाटलांत का तुम्ही?"

मोतीलाल हसला. हे हसू लिलाच्या ओळखीचे होते. वरचे साहेब घरी आले की तो असाच हसायचा.

"वरणगावकडचे आम्ही," तो म्हणाला. "वडील तिथं फॅक्टरीत होते."

"अस्सं, अस्सं. मग तर जवळचेच."

लिलाचा हात अजून केसरबाईंच्या पायावर होता. आधार हे तिच्या सासऱ्यांचे नाव. दारूगोळ्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षे काढलेला माणूस, कोणी नुसते 'ए आधार' म्हटले तर ओ न देणारा. त्याच माणसाचे नाव पुढे करून त्याच्या मुलाने त्याचे आडनाव झाकले होते. घर विचारणारी ती चिठ्ठी त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून लिहिली होती, तेव्हा ती तिथेच दोन हातांवर भाकरी थापत होती.

"अक्का," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम ओट्यापर्यंत जाईल एवढा काढला. "आमचं आडनाव सुरवाडे. आधार माझ्या सासऱ्यांचं नाव. आम्ही बौद्ध आहोत."

ओट्यावर खुर्ची सरकली.

केसरबाईंचा पाय लिलाच्या हाताखालून हलला आणि लुगड्याच्या घोळात गेला. झटक्याने नाही. कोणाला जागा करून द्यावी तसा, हळूच. बाईने ते ठरवून केले नसावे. ती खाली मान घालून लुगड्याचा काठ सारखा करत राहिली, आणि लिलाला तेच जास्त लागले. या हातांनी तिने नाना घरांतली पोरे ओढून बाहेर काढली होती. वेणा देणाऱ्या बायका तिचे मनगट धरून ठेवायच्या, पोर रडले की सोडायच्या. त्यांतल्या एकीनेही आधी आडनाव विचारले नव्हते.

रुपचंदभाऊ दारात आले. ते लिलाकडे न बघता मागे उभ्या असलेल्या मोतीलालशी बोलले.

"तसं काही नाही हो साहेब, आम्ही ते काही मानत नाही. पण वरच्या खोल्यांचं भाच्यानंही विचारलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याला विचारून पत्र टाकतो. तुमचा पत्ता आहे ना माझ्याकडे."

लिला उठली.

"अक्का, मीठ कमी करा. आणि दवाखान्यात जाऊन लघवी तपासून घ्या. टाळू नका," ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली आणि चपला घालून निघाली.

स्टँडपर्यंत दोघे पुढे-मागे चालले. मे महिन्याची दुपार होती, रस्त्यावरचे डांबर चपलांना चिकटत होते. जळगावची बस लागलेली होती. मोतीलालने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. दोघे बसल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"म्हणजे?"

"तुला यायचंच नव्हतं. घरीच अडून बसायचं होतंस, मी प्रमोशन सोडून दिलं असतं. तिथं त्या बाईसमोर एवढं मोठ्यानं ओरडायची काय गरज होती?"

"मी ओरडले नाही. आपलं नाव सांगितलं."

"माझ्या पहिल्या पोस्टिंगला मीही सांगायचो. चार घरं पाहिली, चारही ठिकाणी पूर्ण नाव सांगितलं. दोन महिने लॉजवर काढले, मग गावाबाहेर एका गोदामाच्या माळ्यावर. तू तेव्हा नव्हतीस." त्याचा आवाज चढला नव्हता, फक्त कोरडा झाला होता. "या वेळी म्हटलं, आधी राहायला तर जाऊ. सहा महिन्यांनी कळलं तर कळलं. तोवर ती बाई तुझ्या हातच्या गोळ्या घ्यायला लागली असती."

"आणि ते सहा महिने मुलींनी काय नाव सांगायचं?"

त्याने तिकिटासाठी सुटे पैसे मोजायला घेतले.

"बोला ना. शाळेतून मैत्रीण घरी आली, तर तिला काय सांगायचं ते तुम्ही शिकवणार होतात की मी?"

पुढच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली. मोतीलालने खिडकीबाहेर बघितले. मग तो म्हणाला, "बरं. नाही जात. सोमवारी नकार लिहून देतो. आपण धुळ्यातच राहू."

आणि त्याने डोके मागे टेकले. त्याचा चेहरा सैल झाला. महिनाभर लिला हेच वाक्य ऐकायला टपली होती. ते आता असे आले, रुपचंदभाऊंच्या दारातून. तिच्या म्हणण्याला त्यात काडीची किंमत नव्हती. आणि याहून एक वाईट गोष्ट तिच्या मनात टोचत होती. नाव उच्चारताना आपल्या मनाच्या एका कोपऱ्याला बरे वाटले होते का? सुटले एकदाची, असे? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. तिला खात्री देता येईना. तेव्हा तिला इतका संताप आला, की समोरच्या बाकाची दांडी तिने दोन्ही हातांनी आवळून धरली. त्या घरमालकावर, मोतीलालवर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

कंडक्टर वर चढला. लिला उभी राहिली.

"कुठे निघालीस?"

"घर बघायला."

"लिला, गाडी सुटतेय."

"सुटू द्या. तुम्ही जा, मुलींना आईकडून घेऊन या. मी शेवटच्या गाडीनं येते."

ती उतरली. स्टँडसमोर सायकलचे दुकान होते. तिथल्या माणसाने तिचे ऐकून घेतले, आडनाव ऐकल्यावर पाना हातात तसाच ठेवून रस्त्याच्या टोकाकडे बोट केले. "तुमची वस्ती नाल्यापलीकडं आहे, बाई."

"वस्ती नाही विचारली. घर विचारलं," लिला म्हणाली आणि पुढे गेली.

पुढे पिठाची चक्की होती. पट्टा धडधडत होता, पाच-सहा बायका डबे घेऊन ओळीत बसल्या होत्या. आत एक म्हातारा होता, भुवयांपर्यंत पांढरा झालेला.

"भाड्यानं घर पाहिजे," लिला त्या आवाजावर ओरडली. "आमचं नाव सुरवाडे. आम्ही बौद्ध आहोत."

त्याने कानामागे हात धरला. तिने पुन्हा सांगितले. त्याला ऐकू येईना.

"झुलालनाना, मशीन बंद करा ना जरा," ओळीतली एक बाई म्हणाली.

म्हाताऱ्याने खटका दाबला. पट्टा फटफटत थांबला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत लिलाने तिसऱ्यांदा, एकेक शब्द सुटा करून, तेच सांगितले. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती पाय रोवून उभी राहिली. भाचा निघाला तर काय म्हणायचे, नाल्याकडे बोट दाखवले तर काय म्हणायचे, सगळी उत्तरे तिच्या तोंडात तयार होती.

म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले.

"किती खोल्या लागतीन?"

या प्रश्नाची तयारी लिलाने केली नव्हती.

"तीन," मागून मोतीलाल म्हणाला. "मी मोतीलाल सुरवाडे. इथल्या बँकेत येतोय."

म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिले.

"हे तुमचेच का, बाई?"

लिला वळली नाही.

"असतील," ती म्हणाली. "आधी घर दाखवा."