उरलेले दोन तास

नेव्हिल एंटविसलला कुठलीही गोष्ट वाया गेलेली बघवत नसे. चहाची पिशवी एकदा बुडवली की ती बशीत निथळत ठेवायची, दुपारच्या कपाला पुन्हा कामाला येते. पार्सलची दोरी कापायची नाही, गाठ सोडवून गुंडाळून ठेवायची. त्याच्या स्वयंपाकघरातला एक अख्खा ड्रॉवर अशा दोऱ्यांनी भरलेला होता आणि त्याची मुलगी केरी म्हणायची, "डॅड, या दोऱ्या एकमेकींना बांधल्या तर चंद्रावर जाऊन परत येता येईल." नेव्हिल म्हणायचा, "बघ, म्हणजे लागतीलच की कधीतरी."

उभं आयुष्य त्याने उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टन गावच्या रस्त्यांवर बस चालवली. निवृत्त झाला आणि वर्षभरात बायको जीन गेली. मग दोन वर्षं तो घरात नुसता एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत बसत होता. अशात केरीला मुलगी झाली, टिली. केरी चष्म्याच्या दुकानात सोमवार, मंगळवार, बुधवार कामाला जायची, तिचा नवरा क्रेग लॉरी घेऊन आठवडाभर बाहेर, त्यामुळे ते तीन दिवस टिली आजोबांकडे असायची. आता ती अडीच वर्षांची होती आणि त्या घरातल्या सगळ्या खुर्च्या तिच्या मालकीच्या झाल्या होत्या.

त्यातला बुधवार खास. म्हाताऱ्यांचा बसचा फुकट पास सकाळी साडेनऊला लागू होतो, म्हणून ही जोडी सव्वानऊपासूनच थांब्यावर हजर. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची जागा. घंटी टिलीनेच दाबायची, आणि एकदा दाबून तिचं समाधान होत नसे. दुसऱ्या कुणाच्या पोराने तसं केलं असतं तर ड्रायव्हरने बस थांबवून समज दिली असती, पण सगळे ड्रायव्हर नेव्हिलच्या हाताखाली शिकलेले, बोलणार कोण? मग मंडईत बटाटा भरलेली एक भाजकी पेस्ट्री, 'पाय' म्हणतात तिकडे तिला, दोघांत. वरचं खुसखुशीत टिलीचं, आतलं आजोबांचं.

तर झालं असं, की जानेवारीतल्या एका संध्याकाळी नेव्हिल सोफ्यावरून उठताना सहज म्हणाला, "कंबर गेली बुवा." केरी दारातच होती. तिने ते ऐकलं आणि त्या तीन शब्दांवर मनातल्या मनात मोठी इमारत उभी केली. पुढच्याच आठवड्यात ती हसत हसत आली.

"डॅड, आनंदाची बातमी! सरकार नर्सरीचे तीस तास देतंय. आठवड्याला तीस, फुकट! माझा नंबरही आला. ईस्टर झाला की टिली तिन्ही दिवस तिकडे. सुटलास तू!"

नेव्हिलच्या डोळ्यांसमोर बसमधली ती सगळ्यात पुढची जागा रिकामी दिसली. पण त्या भागात एखाद्याचा पाय गाडीखाली आला तरी तो "काही नाही, जरासं खरचटलंय" म्हणेल, आणि नेव्हिल तर पक्का तिथला.

"बरं झालं," तो म्हणाला. "भाज्यांच्या वाफ्यांकडे बघायला सवडच नव्हती. कांद्याच्या पातीने मान टाकलीय."

"मला माहीतच होतं," केरी म्हणाली.

तिला काहीएक माहीत नव्हतं. कांद्याची पात ताठ उभी होती.

मार्चमध्ये तिघं नर्सरी बघायला गेली. टिली आत शिरल्या शिरल्या वाळूच्या खोक्याकडे धावली आणि एका लाल केसांच्या मुलाच्या हातातलं फावडं ओढून घेऊन त्याची मैत्रीण झाली. मोठ्यांना बसायला छोट्याच खुर्च्या होत्या. नेव्हिल बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांशी आले.

नर्सरी चालवणारी नसरीन हसत समोर आली. "मिस्टर एंटविसल! ओळखलंत का? शाळेत जायचे मी तुमच्या बसने."

"नसरीन! उशिरा येणारी नसरीन!"

"तीच. आता मी दुसऱ्यांना उशिरा आल्याबद्दल बोलते." मग ती केरीकडे वळली. "तर तुमचे तीस तास. आधीच सांगते, म्हणजे नंतर रागावू नका. ते तीस तास फक्त शाळा चालू असते त्या आठवड्यांचे. आम्ही सुट्टीतही उघडे असतो, म्हणून तेच तास वर्षभरावर पसरतो. लोणी तेवढंच, टोस्ट जास्त. आठवड्याला पडतात बावीस."

केरीचं हसू जागच्या जागी थिजलं. "बावीस?"

"आणि आमचा एक दिवस दहा तासांचा. म्हणजे दोन दिवस सरकारचे आणि वर दोन तास. तिसऱ्या दिवसाचे पैसे पडतील. जेवण आणि डायपर वेगळे."

"मग यात फुकट काय आहे?"

"हे मला रोज कुणीतरी विचारतं," नसरीन म्हणाली. "दोन दिवस आहेत ना फुकट. पण तीन ऐकलेल्या माणसाला दोन कमीच वाटणार."

तिने तिसऱ्या दिवसाचा आकडा सांगितला. केरीने डोळे मिटून मनात हिशेब केला. बुधवारी दुकानात जे मिळायचं त्यातलं निम्म्याहून जास्त बुधवारच्याच नर्सरीत जाणार होतं. तिचा चेहरा उतरला.

आणि नेव्हिल? त्या इवल्याशा खुर्चीत त्याचं काळीज उड्या मारत होतं. बुधवार परवडणार नाही! बुधवार वाचला! आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. पण लेकीचा उतरलेला चेहरा दिसला आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडाने दगा दिला.

"बुधवारचे पैसे मी देतो," तो म्हणाला. "पेन्शनमधून. तू नको काळजी करूस."

बोलून झालं आणि आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतल्याचं त्याच्या लक्षात आलं.

केरी त्याच्याकडे बघतच राहिली. चहाची पिशवी दोनदा बुडवणारा हा माणूस दर आठवड्याला रोख पैसे मोजायला निघाला होता. तिचे डोळे भरून आले.

"डॅड," ती हळूच म्हणाली, "इतकी नकोशी झालीय का ती तुला? पैसे देऊन सुटका करून घेण्याइतकी?"

"नाही गं, तसं नाही... म्हणजे, तुला वाटलं तर... मला काय, मी कसाही..." नेव्हिलची गाडी चिखलात रुतली. पुढे जाईना, मागे येईना.

नसरीनने पेन खाली ठेवलं. "मिस्टर एंटविसल, थंडीत मला उशीर झाला की तुम्ही वळणावर बस धरून ठेवायचात. आतले लोक ओरडायचे आणि तुम्ही आरशात बघून भांग पाडत बसायचात. मी येईपर्यंत."

"तुझी एक वेणी घातलेली असायची, दुसरी सुटलेली."

"आज मी थांबलेय. घ्या हवा तेवढा वेळ. पण सांगा, तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न त्याला कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्याने वाळूच्या खोक्याकडे बघितलं. टिली त्या लाल केसांच्या मुलाच्या बुटात वाळू भरत होती आणि मुलगा कौतुकाने बघत होता. इथे तिला करमेल, हे त्याला दिसत होतं. सोमवार-मंगळवार तिला ही पोरं मिळायला हवीत, हेही कळत होतं.

"बुधवार," तो म्हणाला. "मला बुधवार हवाय."

"पण तूच म्हणालास, कंबर गेली!" केरी म्हणाली.

"गेलीच आहे! टिली आली की संध्याकाळी मला खाली वाकून बूट काढवत नाहीत. पण तुझी आई गेल्यापासून दमायला काही कारणच उरलं नव्हतं गं मला."

केरी रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही. "मग तोंड उघडून सांगायचं की नाही?"

"तू किती खूश होऊन आली होतीस!"

"तुझ्यासाठी खूश होते! मला काय हौस होती तिला तुझ्यापासून तोडायची? घरी जाऊन मीच रडत होते."

"मग तू नाही का सांगायचंस?"

"कोणाची मुलगी आहे मी?"

नेव्हिलने खिशातून रुमाल काढून तिला दिला. रुमालाबरोबर दोरीचं एक भेंडोळंही आलं, ते त्याने निगुतीने परत आत ठेवलं.

नसरीनने पेन उचललं. "सोमवार, मंगळवार इथे. बुधवार आजोबांकडे. ठरलं. आता ते दोन तास उरतात. बुधवारी सकाळी आठ ते दहा ठेवूया का? ती इथे खेळेल, तुम्ही आरामात उठा. नाहीतर दर आठवड्याला वायाच जातील."

केरीने वडिलांकडे बघितलं आणि लगेच हो म्हणून मान हलवली. आपल्या बापाला ती ओळखून होती. सरकारने दिलेले, फुकटचे दोन तास, आणि हा ते सोडेल?

नेव्हिलची खरंच तगमग झाली. त्याने एकदा नसरीनकडे बघितलं, एकदा छताकडे. मग गुडघ्यांवर हात रोवून, कण्हत, त्या खुर्चीतून तो उठला आणि खुंटीवरचा टिलीचा कोट काढला.

"जाऊ देत वाया," तो म्हणाला.

"डॅड? काय म्हणालास?"

"वाया जाऊ देत. साडेनऊची बस चुकेल आमची."