उखाआबांच्या अंगावरची चादर

मी एक जुनी, जाडीभरडी चादर आहे. मित्रांनो, माझा जन्म सुरतेतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात झाला. उखाआबांनीच मला विणलं. मधेच तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली, कापडात खोट राहिली, आणि शेठने मला बाजूला फेकलं. आबांनी मला काखेत मारून गोडादरा वस्तीतल्या आपल्या खोलीवर आणलं. त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, माझ्या कडा शिवल्या. बावीस वर्षं आबांनी मलाच पांघरलं.

यंदा होळीनंतर आबा एकाएकी बदलले. दिवसा ग्लानीत पडून राहायचे, आणि जागे झाले की माझे धागे चिमटीत धरून गाठी मारायचे.

"काय करी ऱ्हायनात आबा?" मुलगा रामदासने विचारलं.

"तार तुटनी. मशीन बंद कर ना भो!"

घर हसलं. रामदासने मोबाइलवर ते टिपून आबांच्या कारखान्यातल्या लोकांना पाठवलं. जुने कारागीर ते बघून म्हणाले, "उखा घरी बसला, पण हात अजून पाळीवर आहेत!"

तिसऱ्या दिवशी हसणं संपलं. आबा मंगलाबाईंवर धावून गेले. मी तर सारखी ओली होत होते.

"येडा व्हयी गया म्हातारा," रामदास म्हणाला. त्याने मलाच पीळ दिला आणि आबांचे हात खाटेला बांधले. आबांचं अंग तापलं होतं, पोट दगडासारखं झालं होतं. मला ते कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांना वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी मला बाजूला सारून आबांच्या ओटीपोटावर हात ठेवला.

"लघवी होते का?"

"होते की. सारखी चादर भिजवतात," रामदास म्हणाला.

"ती नुसती सांडते आहे. आत तुंबून पू झालाय. त्यानेच माणूस असा बरळतो. तीन दिवस काय करत होतात?"



नळी घातली, औषधं चालली. चार दिवसांनी आबांनी बायकोला ओळखलं. मग मनगटावरचे काळे वळ बघून त्यांनी विचारलं, "रामदास, माले कोनी बांधं व्हतं का रे?"

"नही आबा. भास व्हता तो."

मंगलाबाईंनी मान खाली घातली.

आबा बराच वेळ वळांवरून बोट फिरवत राहिले. "मंग खरंच डोकं फिरेल व्हतं मनं," ते म्हणाले.

आता ते बरे आहेत. पण भूक लागली तरी आधी रामदासला विचारतात, "मी जेवनू नही, हे खरं ना?"

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस एकाएकी बदललं तर हसू नका. आधी त्याचं अंग बघा, पोट बघा. आणि शुद्धीवर येऊन त्याने काही विचारलं, तर त्याला खरं सांगा.