दिवसभर सर, संध्याकाळ सर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणं हा माझा पेशा. तुम्ही मार खाल्लात की रडता, मी खाल्ला की झुलते. एवढाच काय तो आपल्यातला फरक.

माझा जन्म याच कराटेच्या वर्गात झाला. मोठ्या सरांनी जाड चामड्याची लांब पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात घरभरच्या चिंध्या ठासल्या. स्वतःचे दोन शर्ट, खिडकीचा अर्धा पडदा, मुलीचा आखूड झालेला निळा फ्रॉक. मग साखळीने मला छताला टांगलं आणि पहिला ठोसा स्वतः मारला. माझं बारसं ते. वर्षातून एकदा ते मला खाली उतरवत, पोट रिकामं करत आणि चिंध्या झटकून पुन्हा भरत. कारण मार खाऊन खाऊन चिंध्या तळाशी बसतात. वर पोकळ, खाली दगड. काही माणसांचंही असंच होतं, पण त्यांना कोणी उतरवून झटकत नाही.

पुढे मोठ्या सरांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. वर्ग त्यांच्या मुलीकडे, म्हणजे ताईंकडे आला. ताईंना हिशेबबिशेब, पालक, पंखे सगळं जमत होतं, फक्त लाथ मारता येत नव्हती. म्हणून त्यांनी तात्पुरते एक सर आणले. ते सकाळी कुलूप उघडायला हजर, संध्याकाळी लावायलाही हजर. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं दिवसभर सर.

मी त्यांच्यावर जीव टाकला. रोज सकाळी मला शंभर ठोसे! एवढं लक्ष कोण देतं हो कुणाकडे? पण एक सल होता. माझ्यासमोरच्या भिंतीवर मोठा आरसा आहे. सर ठोसा मला मारत आणि नजर आरशाला देत. दंड फुगला की आरशाला दाखवत, घाम आला की आरशाकडे बघून पुसत. मार मी खायचा आणि कौतुक त्या निळसर, थंड, काही न करणाऱ्या काचेचं! मी तेव्हापासून जळायला शिकले.

वर्षभराने ताईंनी ठरवलं, आता कायमचे सर नेमायचे. एक दुसरे गृहस्थही आले होते. ते दिवसा सोफे दुरुस्त करत आणि फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवारी संध्याकाळी येऊ शकत होते. मुलांना नाव शोधायला वेळ लागला नाही. संध्याकाळ सर. महिनाभर दोघांनीही शिकवायचं आणि मग ताई एकाला ठेवणार, असं ठरलं.

"दिवसभर असणारा माणूस बरा," एक आई म्हणाली. "पोरगी कधीही आणून टाकता येते."

"आणि हे बाकीचे चार दिवस करतात काय?"

"सोफे शिवतात म्हणे."

"म्हणजे बसायच्या वस्तू! आणि आपल्या पोरांना शिकवणार उभं राहायला?"

सगळ्या हसल्या. मी तर साखळीसकट हसले.

संध्याकाळ सर येताना हातात घालायची दोन पॅड घेऊन आले. मुलं त्या पॅडांवर ठोसे मारू लागली आणि मी कोपऱ्यात रिकामी! मित्रांनो, इतकी वर्षं इमाने इतबारे मार खाल्ला आणि आता माझ्या वाटणीचा मार त्या दोन उशा खाणार? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एका सोमवारी ते माझ्यापाशी आले. ठोसा नाही, लाथ नाही. डॉक्टर पोट तपासतात तसा वरून खालपर्यंत हात फिरवला. तळाशी दोन टिचक्या मारल्या. आणि मुलांना म्हणाले, "मी उघडून बघेपर्यंत हिला कोणी लाथ मारायची नाही."

म्हणजे मला घरी बसवलं की!

मंगळवारी दिवसभर सरांना हे कळलं. "लाथ नाही मारायची? मग काय हिला ओवाळायचं?" त्यांनी मुलांना आरशाकडे तोंड करून ओळीत उभं केलं आणि एकेकाला माझ्याकडे पिटाळलं. लवंगी नावाची एक मुलगी आहे. दिसायला मूठभर, लाथ मणभर. तिने नेमकी तळाशी लाथ घातली. मी खूश! मला थोडं पलीकडे झुलता आलं असतं. पण त्या सोफेवाल्याला दाखवायचं होतं की मी अजून कणखर आहे. मी जागची हलले नाही.

लवंगीच्या तोंडून "आई गं" निघालं.

"दुखणारच," सर आरशात बघत म्हणाले. "कराटे आहे, भातुकली नाही."

ती ओळीत परत गेली. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी लवंगी भिंतीला टेकून उभी होती. ताईंनी पाहिलं. "सर, हिच्या कुठल्या पायाला लागलंय?"

"डाव्या," दिवसभर सर लगेच म्हणाले. "काल मी स्वतः पाहिलंय ना."

संध्याकाळ सर तेवढ्यात दारातून आत येत होते. काल ते इथे नव्हतेच. चप्पल काढता काढता म्हणाले, "उजवा असेल. सगळा भार डाव्यावर टाकलाय तिने."

लवंगीने उजवा मोजा खाली केला. घोटा भोपळ्यासारखा सुजला होता.

ताईंनी एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा दिवसभर सरांकडे. या सरांनी वर्षभर मुलांना आरशातच पाहिलं होतं. आणि आरशात उजवा पाय डावा दिसतो. निकाल तिथेच लागला. त्या फक्त म्हणाल्या, "सर, तुम्ही दिवसभर इथे असता. तुमची नजर आमच्याकडे जरा कमी असते."

दिवसभर सर वाईट नव्हते. त्यांनी आपली पिशवी भरली आणि जाताना मला एक ठोसा मारला. नजर आरशातच होती. हल्ली ते एका मोठ्या व्यायामशाळेत असतात. तिथे चारही भिंतींना आरसे आहेत. सुखात आहेत म्हणे.

मग संध्याकाळ सरांनी सोफ्याची वाकडी सुई आणि दाभण काढलं, मला उतरवलं आणि उसवलं. तळाचे गोळे फरशीवर पडले तेव्हा मला माझी लाज वाटली. ताई मदतीला बसल्या. निळा फ्रॉक हाताशी आला तेव्हा त्यांनी तो मांडीवर घेऊन सपाट केला. मग म्हणाल्या, "हा वरच्या बाजूला घाला हं."

आज मी पुन्हा मऊ आहे. लवंगीची पहिली लाथ मी अशी झेलली की तिला गादीवर पडल्यासारखं वाटलं असेल.

सगळं छान आहे. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवारच माझे. बाकीचे दिवस त्या सोफ्यांचे. कधी सरांच्या बोटांना परक्या चामड्याचा वास येतो. मी विचारत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखी बॅग असेल तर तिला वर्षातून एकदा उतरवून झटका. शिकवायला कोणाला ठेवावं असा प्रश्न पडला, तर तो किती वेळ थांबतो हे घड्याळाला विचारा, पण बघतो कुठे हे आम्हाला विचारा. आणि हात जोडून एक विनंती आहे. आपापल्या घरच्या सोफ्यावर नीट बसा, नाचू नका, त्याच्या शिवणी जपा. तो दुरुस्तीला काढायची वेळ आणू नका.

निदान बुधवारी तरी नको.