बुटकी खुर्ची आणि अर्धा मांडव

मी एक बुटकी खुर्ची. जन्मतः अशी नव्हते. मिस्त्रींनी मला चारचौघींसारखीच घडवली होती, पण गिऱ्हाइकाकडे पोचण्याआधीच माझा एक पाय तडकला. मग त्यांनी करवत घेतली आणि चारही पाय कापून सारखे केले.

"आता हिच्यावर कोण बसणार? मांजर?" त्यांच्या बायकोने विचारलं. मी त्यांना बाई म्हणते.

"बसायला नाही, उभं राहायला केलीय," मिस्त्री म्हणाले. तेही बुटकेच होते.

हे घर ज्यू. मोठा उपास झाला की त्यांचा मांडवांचा सण येतो. अंगणात मांडव घालायचा आणि वर फांद्यांचं छत, तेही अशा बेताने की आत जेवताना चांदण्या दिसाव्यात. दर वर्षी माझ्यावर उभे राहून मिस्त्री छत बांधत आणि बाई खालून सुतळी देत. बाकी वर्षभर मला कुणी विचारत नसे. माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठत.

यंदा उपास सुटल्यावर मिस्त्रींनी खांब रोवले, हातपाय धुतले आणि झोपले ते उठलेच नाहीत.

घरातलं कुणी गेलं की हे लोक सात दिवस जमिनीलगत बसतात. माझ्यावरचे कपडे काढून बाई माझ्यावरच बसल्या. शेजारणी येत, डबे ठेवत, हळू आवाजात बोलत. बाई खिडकीतून ते उघडे खांब बघत राहत.

सात दिवस भरायच्या आतच सण दारात आला. सण लागला की दुखवटा तिथेच थांबवायचा, असा नियम आहे.

"आई, आज उठायचं," त्यांची मुलगी म्हणाली.

"माझं अजून रडून झालं नाही. कॅलेंडर बघून रडू का मी?"

मुलगी सणाच्या स्वयंपाकाला लागली.

दिवस कलला तरी बाई हलल्या नाहीत. बाहेर मिस्त्रींचा धाकटा भाऊ शिडीवर चढून छत बांधत होता. तो शिंपी. एक फांदी धपकन खाली आली. मग दुसरी.

"भावजी!" बाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "ती फांदी आहे, शर्टाचं बटण नाही!"

"मग या की दाखवायला! आणि येताना ती खुर्ची आणा, वहिनी. शिडीवर गरगरतंय मला."

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि मला उचलून अंगणात घेऊन गेल्या. माझ्यावर त्या स्वतःच चढल्या. खालून भावजी सुतळी देत होते. बाई रडत होत्या आणि गाठी मारत होत्या. एकही गाठ सैल नव्हती.

सूर्य मावळायच्या आत छत झालं. जेवताना भावजींनी बटणाचा किस्सा सगळ्यांना सांगितला आणि बाई हसल्या. हसता हसता त्यांनी मिस्त्रींच्या जागेकडे पाहिलं, मग वर. चांदण्या दिसत होत्या.

आता मांडव उतरलाय आणि माझ्यावर पुन्हा कपडे साचलेत. मला नवे पाय जोडून उंच करायचं मुलीच्या मनात आहे. तिला कुणीतरी सांगा, नको. एवढ्याच उंचीवर खाली बसताही येतं आणि वर चढताही येतं.