खाली राहिलेला स्फटिक

मी बोलतोय तो नौपाड्यातल्या एका प्रयोगशाळेच्या कपाटातून. मी स्फटिक आहे, मुठीएवढा, ॲल्युमिनियमच्या डबीत बंद. गॅमा किरण अंगावर आला की माझ्या आत बारीकसा उजेड पडतो. तो उजेड मोजला की किरण किती जोराचा होता ते कळतं.

१९९१ साली एकाच गोळ्यातून आम्ही दोघं भाऊ कापले गेलो. घासूनपुसून चकचकीत केलं ते बिट्रिसनं. ती कळव्याहून यायची. हात फार हलका. दूर आकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा स्फोट होतो, काही क्षणच टिकतो. हवा ते किरण अडवते, म्हणून जमिनीवरून तो दिसतच नाही. तो टिपायला उपग्रहावरच्या दुर्बिणीत आमच्यातला एकच जाणार होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख हरिहर सरांनी बिट्रिसला विचारलं, "कुठला पाठवायचा गं?"

"तो पाठवा सर. ह्याचा उजेड जरा कमी पडतोय."

जरा! केसाएवढा फरक. भाऊ गेला, पेढे वाटले गेले, आणि मी कपाटात. त्याचं कौतुक कानावर आलं की मनात यायचं, बिघडू दे एकदाचा.

दीड वर्षानं त्यानं एक मोठा स्फोट टिपला. पण दुसऱ्या देशाच्या उपग्रहानं तोच स्फोट कितीतरी जोराचा मोजलेला.

"आपलंच यंत्र चुकलं म्हणतायत," सर म्हणाले. त्यांचं तोंड उतरलेलं. मी मात्र खूश.

बिट्रिस म्हणाली, "सर, वर तापलं असेल ना ते? हा त्याच गोळ्यातला, ह्याला तापवून बघूया."

स्फोटाच्या वेळी भाऊ किती तापला होता, त्याची नोंद होती. मला तेवढंच तापवलं आणि ठरावीक जोराचे किरण देणारा तुकडा शेजारी ठेवला. खोटं बोलता आलं असतं तर मी नक्की बोललो असतो. पण मला ते येत नाही. तापल्यावर माझा उजेड घटला. जेवढा घटला, तेवढी भर भावाच्या आकड्यांत घातली आणि दोन्ही उपग्रहांचे आकडे जुळले. सरांनी आनंदानं टेबलावर हात आपटला. भाऊ खरा ठरला, माझ्या साक्षीनं!

त्यावरचा सरांचा शोधनिबंध छापून आला. बिट्रिसनं तो उभ्याउभ्याच चाळला.

"सर, ह्याचा उल्लेख नाही केलात?"

"तो कुठे वर गेलेला?" म्हणत सर बाहेर पडले.

मला आत ठेवताना ती हळूच म्हणाली, "माझं पण नाव नाय रे."

पुढे उपग्रहासकट भाऊ खाली येता येता हवेत जळून गेला. बिट्रिसनं डोळे पुसले. मला त्या जळण्याचाही हेवा वाटला.

आता १९९९ चाललंय. डबीच्या फटीतून शिरलेल्या दमट हवेनं मी कडेला पिवळा पडलोय. वाचणाऱ्यांनो, तो निबंध पुन्हा कुणी छापलात तर त्यात आधी बिट्रिसचं नाव घाला. मग माझं. भावाचं त्याच्या खाली.