सारवलेली जागा

शिनोलीच्या सप्त्याला कीर्तनकार कोण, हे लोक मागाहून विचारायचे. आधी विचारायचे, पखवाजाला गेणू आहे ना? आळ्याहून, वारूळवाडीहून माणसं निव्वळ त्याच्या हातासाठी यायची. एकदा तर बुवांनी अभंग अर्ध्यावर सोडला, हात जोडले आणि म्हणाले, आता मी गप बसतो, देव ह्याच्या बोटांतनं बोलतोय. सप्त्याची सगळी व्यवस्था तेव्हा माझ्याकडं असायची.

सत्त्याण्णवच्या सप्त्यात पाचव्या दिवशी काकडा झाला आणि गेणू देवळामागं पडलेला सापडला. डोक्यात दगड घातलेला. पारायणाला माणसं जमू लागलेली. देवाच्या दारात रक्त कसं ठेवायचं? जागा धुऊन सारवून घ्या, असं सांगून मी त्याला घेऊन जीपमध्ये बसलो. घोडेगाव यायच्या आतच तो गेला.

पोलिसांना घेऊन परतलो, तर तिथं सारवणावर रांगोळी होती. दगड कुणीतरी ओढ्यात टाकलेला. फौजदार सारवणाशी उकिडवे बसले.

"पुरावाच सारवला राव तुमी."

मारणारा सापडला नाही. गेणूची बायको रत्ना वर्षानुवर्षं ठाण्यात मारणाऱ्याचं नाव विचारायला जायची. ती दिसली की मी वाट बदलायचो. आठ वर्षांनी मात्र राहवेना. तिच्या दारात जाऊन सांगून टाकलं, की धुवायला मी लावलं, माझ्यामुळं मारणारा सुटला.

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"दादाभाऊ, सारवलं मीच. मालकाच्या रगतावरनं लोकांनी चालावं, हे बघवंना मला."

ती उठली, आतून एक कॅसेट घेऊन आली. गेणूचं वाजवणं कुण्या भाविकानं भरून घेतलेलं.

"ज्यानं मारलं त्यो हितलाच आसंल. दर साल पंगतीला जेवत आसंल. त्याला येकदा ह्ये ऐकवा. बाकी मला काय नको."

काल्याच्या दिवशी, भर दुपारी, बुवांनी कीर्तन थांबवलं आणि कॅसेट लागली. पाच-सहाशे माणूस, पण एक लेकरू रडलं नाही. रत्नानं कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. डोळे मिटून ती मांडीवर ठेका धरत होती.

मी मात्र एकेक चेहरा पाहिला. सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याच्याही, लागलीच असणार.