मालनबाई उतरल्या नाहीत

रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, विमानाची वाट बघत बसलेल्या त्या मंडळींना दुपार झाली तेव्हा कळून चुकलं, की हे विमान काही एस्टीसारखं नाही. एस्टी बंद पडली तर निदान डोळ्यांना दिसते तरी. इथं नुसतं आभाळ.

साल पंच्याऐंशी, जानेवारी महिना. मुंबईला जाणारं छोटं विमान तेव्हा नवंनवं सुरू झालं होतं. रावजी सुर्व्यांनी त्याचाच फायदा घेऊन सहल काढली होती. विमानानं मुंबई, तिथून त्याच रात्रीच्या गाडीनं आग्रा, दिल्ली, काशी, बोधगया. पालीच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या मालनबाई जाधवांनी पहिल्या दिवशीच नावं नोंदवली, आपलं आणि नणंदेचं, हौसाचं. सारनाथ आणि बोधगया डोळ्यांनी बघायची हे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच मनाशी धरलं होतं. नवरा सहदेव मुंबईत गिरणीत होता. तो विमानतळावर घ्यायला येणार होता.

विमान सकाळचं. पत्र्याच्या शेडमधून अधिकारी बाहेर यायचा आणि सांगायचा, ‘‘मुंबईत धुकं आहे.’’ मग म्हणाला, ‘‘यंत्रात बिघाड आहे.’’ जेवणवेळेला म्हणाला, ‘‘सुटेल आता.’’ कातळ तापला. वाऱ्यानं लाल धूळ उडून पांढऱ्या टोप्या गुलाबी झाल्या. वाटेत खायच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी तिथंच संपली.

‘‘वैनी, ह्या इमान येनार हाय का नाय?’’ हौसानं विचारलं.

‘‘येईल. न येऊन जातंय कुठं.’’

उन्हं कलली तेव्हा ते आलं. सगळे टाळ्या वाजवत उठले. मुंबईची रात्रीची गाडी अजून मिळण्यासारखी होती. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. तिच्यातून सुटाबुटातले दोन तरुण उतरले. एक कुठल्याशा बड्या साहेबाचा जावई, दुसरा त्याचा मित्र. अधिकाऱ्यानं रावजींना बाजूला घेतलं. दोघं बराच वेळ कुजबुजले. मग रावजी चेहरा पाडून निघाले ते बाकीच्या माणसांना ओलांडून थेट मालनबाईंपाशी आले.

‘‘बाई, दोन जागा कमी पडतायत. तुम्ही दोघी रात्रीच्या एस्टीनं या. उद्याच्या गाडीनं दिल्लीला गाठा आम्हाला. आमचा इथला माणूस दत्ताराम देतो सोबतीला.’’

‘‘आम्हीच का?’’

‘‘तुम्ही शिकलेल्या, समजूतदार. समजून घ्या जरा.’’

मालनबाईंनी हा शब्द आयुष्यभर ऐकला होता. पहिल्या नेमणुकीच्या गावात शाळेच्या माठाला त्यांनी हात लावायचा नाही, कुणीतरी वरून पाणी ओतेल, असं ठरलं तेव्हा हेडमास्तरही हेच म्हणाले होते. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी समजून घेतलं होतं. ते पाणी नंतर कित्येक वर्षं घशाखाली उतरलं नव्हतं.

‘‘रावजी, मी तिकीट काढलंय. मी विमानानंच जाणार,’’ त्या म्हणाल्या. हौसाच्या दंडाला धरून त्या चालू लागल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत शिडी चढून जागेवर बसल्याही. हौसानं शेजारच्या माणसाचं बघून पट्टा लावला.

पाठोपाठ रावजी वाकून आत आले. ‘‘बाई, उतरा. साहेबाची माणसं आहेत. मला इथं धंदा करायचाय.’’

‘‘करा की.’’

‘‘हौसाबाई, तुम्ही तरी ऐका.’’

‘‘माजा पट्टा लागला तो लागला,’’ हौसा म्हणाली. ‘‘सोडायचा कसा ता मना कुटं ठाव हाय?’’

मागून कुणीतरी हसलं. पण काशीराम पाध्ये हसले नाहीत. कचेरीत हेडक्लार्क होते, आणि दिवसभराच्या उन्हानं आधीच तापलेले. ‘‘अहो, दिवस मावळत आला! तुमच्या दोघींपायी आम्हा सगळ्यांची गाडी चुकायची. काही माणुसकी?’’

‘‘मग तुम्ही उतरा, काशीरामभाऊ. जागेला जागाच हवी आहे ना?’’

काशीराम खिडकीबाहेर बघू लागले. मालनबाईंनी मान वळवून एकेकाकडे पाहिलं. कुणी पिशवीची नाडी बांधत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. उठलं कुणीच नाही. भीती त्यांनाही वाटत होती. त्यांनी हात पदराखाली घेतले आणि पाठ आणखी ताठ केली.

अधिकारी आला, ओरडला, पोलिसाचं नाव काढून गेला. बाईमाणसाला हात लावून ओढायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही. या सगळ्यात सूर्य समुद्राला टेकला. सड्यावरच्या धावपट्टीला दिवे नव्हते. पंजाबी वैमानिक घड्याळ बघत आत आला, हिंदीत दोन शब्द बोलला आणि टोपी काढून खाली उतरला. आज उड्डाण नाही.

मग काय बोलणी बसली विचारू नका! उतरताना एकेकजण त्यांना ऐकवून गेला. आग्रा आता गळणार, ताजमहाल राहिला, सगळ्यांचा विचका केला. गावातल्या धर्मशाळेत जेवायला बसताना दोघींच्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. हौसाला रडू फुटलं.

‘‘वैनी, आपून उतरलो असतो तर?’’

‘‘तर आपण आत्ता एस्टीत असतो आणि ते गाडीत. मला मान्य नाही. जेव तू.’’

सकाळी सगळे पुन्हा सड्यावर गेले. जीपवाले दोघे काल संध्याकाळीच रस्त्यानं मुंबईला निघून गेले होते. त्यांना फार घाई होती म्हणे. विमान होतंच, आणि जागा होत्या तेवढ्याच होत्या. रावजींनी मालनबाईंकडे न बघता हातानं शिडी दाखवली. त्या चढल्या. विमान उडालं तेव्हा हौसानं डोळे गच्च मिटून घेतले होते. मालनबाई मात्र खाली वाकून बघत राहिल्या. मोहरलेल्या आंब्यांची कलमं, खाडीचं वळण, वाळूवर ओढलेल्या होड्या. त्यांना भीती वाटली नाही. कालची सगळी भीती कालच वापरून झाली होती.

मुंबईला सहदेव उभा होता. रात्रभर तिथल्याच बाकावर बसून त्याचे डोळे तांबडे झाले होते.

‘‘काल का नाय आलात? किती जणांना विचारलं मी! कोण काय सांगत नव्हतं.’’

‘‘काल मला उतरवत होते,’’ मालनबाई म्हणाल्या. ‘‘मी उतरले नाही, म्हणून विमानच राहिलं.’’

सहदेवानं बायकोकडे पाहिलं. मग मागून येणाऱ्या, तोंडं फुगवलेल्या मंडळींकडे पाहिलं. त्याच्या सगळं लक्षात आलं असावं. त्यानं दोघींच्या पिशव्या उचलल्या.

‘‘चहा घेतलात?’’ त्यानं विचारलं.

‘‘नाही. आम्हाला कुणी विचारलाच नाही.’’

‘‘चला मग,’’ तो म्हणाला आणि त्या मंडळींच्या मधूनच, वाट काढत, दोघींना घेऊन निघाला.